दाबून केलेला सांधा: संयोग, संनिधान आणि संस्कार

वैशेषिक दर्शनाने दोन पदार्थांमधील संबंधाचे मुख्यतः दोन प्रकार मानले आहेत. जे पदार्थ एकत्र येण्यापूर्वी वेगळे होते आणि पुढेही वेगळे होऊ शकतील, त्यांचे एकत्र येणे म्हणजे संयोग. आणि ज्यांपैकी एक दुसऱ्याच्या आश्रयावाचून टिकूच शकत नाही, जसे कापड आपल्या सुतावाचून किंवा तांबडा रंग मडक्यावाचून, त्यांचा संबंध म्हणजे समवाय. संयोग उत्पन्न होतो आणि नष्टही होतो, म्हणून तो गुणांमध्ये मोजला जातो. समवाय हा मात्र स्वतंत्र पदार्थ असून नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते तो नित्य आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या पाठ्यग्रंथात ही वाटणी मोजक्या शब्दांत उरकलेली आहे, आणि विद्यार्थीही ती पाठ करून पुढे जातो, कारण संयोगाची जी उदाहरणे त्याला सांगितली जातात, हात आणि पुस्तक, ससाणा आणि खांब, त्यांत संयोग टिकला काय किंवा तुटला काय, कोणाचे काही अडत नाही. ज्या संयोगावर पुढचे सगळे काम अवलंबून आहे असे उदाहरण घेतले की तीच वाटणी अवघड होऊन बसते. विजेच्या तारेच्या टोकाला हाताच्या हत्याराने पिन बसवणे हे असे एक उदाहरण आहे, आणि ते फलटणच्या संदर्भात तपासण्याला कारण आहे. 'संबंध' या शब्दाला ज्या पंथाच्या आचारात मध्यवर्ती स्थान आहे, त्या महानुभाव पंथाचे फलटण हे एक प्रमुख तीर्थ आहे, आणि ब. वि. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या सायकलरिक्षेचे काम झाले तेही याच गावात. विजेच्या रिक्षेत बॅटरीपासून मोटरपर्यंत जे काही पोहोचते ते सांध्यांमधूनच पोहोचते.

तारेचे टोक सोलून ते धातूच्या पिनेच्या पन्हळीत ठेवायचे आणि पन्हळीच्या दोन्ही पाकळ्या तारेभोवती दाबून मिटायच्या, या क्रियेला क्रिम्पिंग म्हणतात. कारागिरांच्या बोलीत तिला पिन मारणे, आणि जाड तारेच्या टोकाला कडीसारखा तुकडा बसवायचा असेल तर थिंबल मारणे, असे म्हटले जाते. अशा अनेक पिना ज्या प्लॅस्टिकच्या घरात ओळीने बसतात त्याला कपलर म्हणतात, आणि तारा, पिना व कपलर मिळून वाहनाच्या अंगभर जी वेणी तयार होते तिचे नाव हार्नेस. काम दिसायला किरकोळ आहे. साध्या सिग्नलची तार घेतली तर तिचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर असतो आणि ती बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीच्या १६ तांब्याच्या तंतूंची बनलेली असते. वरचे आवरण सोलताना पाते जरा खोल गेले आणि एक तंतू तुटला, तर वाहून नेण्याच्या क्षमतेचा सोळावा हिस्सा सांधा होण्यापूर्वीच गेला. पिनेला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात: पुढची जोडी उघड्या तंतूंना धरते, मागची आवरणाला, आणि या दोहोंमधल्या छोट्याशा फटीत आवरणाची कड आणि उघडे तांबे दोन्ही दिसले पाहिजेत, म्हणजे तार योग्य खोलीवर बसली असे समजते. पुढच्या बाजूला तंतूंची टोके कुंचल्याच्या केसांसारखी किंचित बाहेर आलेली असतात, आणि मिटलेल्या पाकळ्यांची मागची कड घंटेच्या तोंडासारखी जराशी पसरट राहते, ज्यामुळे धारदार काठाने तंतू कापले जात नाहीत. पकडीच्या दांड्यांमध्ये रॅचेट असते, म्हणजे अशी दातेरी रचना की दाब पूर्ण होईपर्यंत पकड पुन्हा उघडतच नाही. शेवटच्या दात्यावर टक् असा आवाज होतो आणि हत्यार आपोआप मोकळे होते. पिन हातात येते तेव्हा आत काय घडले ते डोळ्यांना दिसत नाही.

आत जे घडते ते आडवा छेद घेऊन, तो घासून चकचकीत केल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. गोल तंतू दाबाने बहुकोनी झालेले असतात, मधाच्या पोळ्यातील घरांसारखे एकमेकांना खेटून बसलेले, आणि त्यांच्यामधली मोकळी जागा जवळजवळ नाहीशी झालेली असते. तरीही तंतू आणि तंतू यांच्यामधली, आणि तंतू व पिन यांच्यामधली रेषा केसासारखी बारीक, पण स्पष्ट दिसत राहते. धातू वितळलेला नाही. तो थंड असतानाच वाहिला आहे, पीठ मळताना सरकते तसा. या सरकण्याने दोन्ही पृष्ठांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि खालचा ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. हे भिडणे सर्वत्र होत नाही. विसाव्या शतकात विद्युत्संपर्काचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी घडवला त्यांत अग्रगण्य असलेल्या रॅग्नार होल्म यांच्या कामापासून हे मान्य झालेले आहे की कोणतेही धातुपृष्ठ, कितीही गुळगुळीत वाटले तरी, सूक्ष्म डोंगरदऱ्यांचे असते, दोन पृष्ठे टेकली तरी खरा स्पर्श थोड्याशा शिखरांवरच होतो, आणि वीज त्या मोजक्या बिंदूंकडे सगळ्या बाजूंनी गोळा होऊन तेवढ्यातूनच पलीकडे जाते. दाब वाढवला की शिखरे चपटी होतात, बिंदूंची संख्या आणि व्याप्ती वाढते. दाबाचे सारे प्रयोजन हेच.

येथे प्राचीन शास्त्राचा एक पारिभाषिक शब्द अगदी चपखल बसतो. संयोग हा गुण अव्याप्यवृत्ती आहे असे नैयायिक म्हणतात, म्हणजे तो आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापून राहत नाही. शाळेतला ठरलेला दाखला झाडावर बसलेल्या माकडाचा आहे: फांदीच्या भागात त्या झाडाशी माकडाचा संयोग आहे आणि बुंध्याच्या भागात त्याच झाडाशी त्याच माकडाच्या संयोगाचा अभाव आहे, आणि एकाच झाडाच्या ठायी भाव व अभाव दोन्ही एकाच वेळी नांदतात. नव्यन्यायाच्या अभ्यासकांनी या माकडावर पानेच्या पाने खर्च केली आहेत, आणि बाहेरच्या वाचकाला तो शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. पण पिनेच्या आतील स्थिती याहून वेगळ्या शब्दांत नेमकेपणाने सांगता येत नाही: तार पिनेला जोडलेली आहे, आणि तीच तार त्याच पिनेला, शिखरांखेरीज उरलेल्या बहुतेक पृष्ठावर, जोडलेली नाही. वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाने संयोगाचे तीन प्रकार सांगितले आहेत, एकाच्या हालचालीने होणारा, दोघांच्या हालचालीने होणारा, आणि एका संयोगातून उपजणारा दुसरा संयोग. क्रिम्पिंगमध्ये पाकळ्या सरकतात तसे तंतूही सरकतात, आणि तंतूचा पिनेशी झालेला संयोग पुढे अख्ख्या तारेचा पिनेशी संयोग ठरतो, त्यामुळे दुसरा आणि तिसरा प्रकार येथे एकाच दाबात साधतात.

या सांध्याला जुना प्रतिस्पर्धी आहे तो डाख देण्याचा, म्हणजे आजच्या बोलीत सोल्डर करण्याचा. त्यात कथिलाचा मिश्रधातू वितळवून दोन धातूंच्या मध्ये ओततात, आणि तो थिजला की दोघांना धरून ठेवतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, समवायावर जो आक्षेप घेतला आहे तो समजून घ्यायला हा डाख बराच उपयोगी आहे. आक्षेप असा की दोन पदार्थांना जोडणारा समवाय जर त्या दोहोंहून वेगळा असेल, तर तो स्वतः त्यांना कशाने जोडला जातो. त्यासाठी दुसरा समवाय मानावा लागेल, त्याला तिसरा, आणि या मालिकेला अंत नाही, यालाच अनवस्था म्हणतात. कथिल मध्ये आले की एका सांध्याच्या जागी दोन सांधे होतात, एक तार आणि कथिल यांचा, दुसरा कथिल आणि पिन यांचा, आणि त्या दोहोंची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. नैयायिकांचे उत्तर असे की समवाय आपल्या स्वरूपानेच जोडलेला असतो, त्याला दुसऱ्याची गरज नाही. आणि डाखाचा सांधाही व्यवहारात उत्तम चालतो, तेव्हा या दाखल्याने वाद सुटत नाही. शंकराचार्यांचा रोख मात्र त्यातून डोळ्यांना दिसतो. क्रिम्पिंगमध्ये मध्यस्थ नाही. जे दोघे जोडायचे तेच एकमेकांवर दाबलेले आहेत.

थरथर असलेल्या ठिकाणी या फरकाला किंमत येते. वितळलेले कथिल तंतूंच्या फटींतून केशाकर्षणाने आवरणाखाली चढते आणि मऊ, लवचिक तारेचा तेवढा भाग काडीसारखा ताठ करते; पुढे हादरे बसत राहिले की लवचिक आणि ताठ यांच्या सीमेवर तंतू एकेक करून तुटतात. विमाने आणि जहाजे यांना हे परवडणारे नव्हते, आणि १९४१ साली अमेरिकेत एअरक्राफ्ट मरीन प्रॉडक्ट्स या नावाने निघालेली कंपनी डाखाविना बसणाऱ्या टोकांवरच मोठी झाली. फलटण तालुक्यात हादऱ्यांची वाण नाही. सुरवडीच्या औद्योगिक परिसरात कमिन्सच्या समूहाची डिझेल इंजिने आणि जनित्रसंच तयार होतात, आणि इंजिनाच्या अंगावरून जाणाऱ्या तारेइतकी थरथर फार थोड्या तारांच्या वाट्याला येते. शिवाय गळिताच्या हंगामात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागच्या दिव्यांच्या तारा आहेतच. विजेच्या रिक्षेची अडचण निराळी: तिथे विद्युत्दाब कमी आणि प्रवाह मोठा. समजा प्रवाह ३० अँपिअर आहे आणि सांध्याचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग आहे, तर त्या चिमुकल्या जागेत ९ वॅट उष्णता सतत निर्माण होते. रोध त्याच्या विसाव्या हिश्शावर आणला तर अर्ध्या वॅटहूनही कमी. उष्णतेने ऑक्साइड वाढतो, ऑक्साइडने रोध वाढतो, रोधाने उष्णता; कपलरचे प्लॅस्टिक पिवळे पडून वितळू लागते तेव्हा हे चक्र बरेच पुढे गेलेले असते. रिक्षावाल्याला त्यातले काही दिसत नाही, त्याला फक्त गाडी ओढत नाही असे जाणवते.

यातून ज्ञानाच्या साधनांचा, म्हणजे प्रमाणांचा, प्रश्न उभा राहतो. सांधा चांगला झाला हे कारागिराला कळते कशाने? प्रत्यक्षाने नाही, कारण स्पर्शबिंदू पाकळ्यांच्या आत झाकलेले आहेत. तो अनुमान करतो, आणि त्याचे लिंग, म्हणजे ज्यावरून न दिसणारी गोष्ट ओळखायची ती खूण, आहे रॅचेटचा टक् आवाज. जिथे धूर तिथे अग्नी या नियत साहचर्याला व्याप्ती म्हणतात. तशीच व्याप्ती कारागिराच्या मनात आहे, जिथे पकड पूर्ण मिटून सुटली तिथे सांधा पक्का. नैयायिक येथे थांबवून विचारील की ही व्याप्ती निरपवाद आहे काय, आणि उत्तर नाही असे येईल. बारीक तार जाड तारेच्या खाचेत ठेवून दाबली तरी रॅचेट तितक्याच प्रामाणिकपणे वाजते, आणि सांधा मात्र ढिला राहतो; उलट जाड तार बारीक खाचेत चेचली तर तंतू कापले जाऊन अर्धे काम तिथेच संपते. हेतू व्यभिचारी आहे, म्हणजे साध्य नसतानाही आढळतो. अशा वेळी जी अट अध्याहृत राहिलेली असते तिला उपाधी म्हणतात. अग्नीवरून धुराचे अनुमान चुकते, कारण ओले इंधन ही उपाधी तिथे लपलेली असते, आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. क्रिम्पिंगमधली उपाधी म्हणजे तार, पिन आणि पकडीची डाय, म्हणजे दाबणारा साचा, यांचा मेळ: जिथे जिथे पक्का सांधा तिथे तिथे हा मेळ असतो, पण जिथे जिथे टक् तिथे तो असतोच असे नाही. उपाधीची शास्त्रातली व्याख्या, साध्याला व्यापणारी पण हेतूला न व्यापणारी, येथे शब्दशः लागू पडते. वर्कशॉपमध्ये नवख्याला पहिल्याच दिवशी जे सांगितले जाते, आवाज ऐकू नकोस, खाच बघ, ते या व्याख्येचेच मराठी रूप म्हणता येईल.

खात्रीचा एक मार्ग म्हणजे ओढून पाहणे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०३५२-२ या मानकात तारेच्या छेदाप्रमाणे किमान ओढ सांगितली आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी ती ६० न्यूटन, म्हणजे साधारण ६ किलो वजन टांगल्याइतकी आहे. पण सांधा सुटेपर्यंत किंवा तार तुटेपर्यंत ओढून पाहिलेला नमुना मग कामाचा राहत नाही, आणि जो सांधा गाडीत बसतो तो असा ओढून पाहिलेला नसतो. ज्याच्याविषयी पूर्ण ज्ञान आहे तो टाकून द्यायचा आणि ज्याच्यावर विसंबायचे त्याच्याविषयी केवळ अनुमान, ही स्थिती चमत्कारिक आहे, आणि ती या धंद्यापुरती मर्यादित नाही. ज्या आप्तांच्या शब्दावर धर्मशास्त्रे उभी आहेत त्यांच्याविषयीही श्रद्धावंताची स्थिती पुष्कळ अंशी अशीच असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यांतून हत्यारांची पूजा होते तेव्हा पकडीलाही हळदकुंकू लागते. तिची डाय किती झिजली आहे हे मात्र मापनेच ठरवावे लागते.

या साऱ्यात मूळ प्रश्न अजून अस्पर्श राहिला आहे. पकड तर सुटली, दाबणारा हात दूर झाला. मग सांध्यातला दाब टिकतो कशाने? उत्तर धातूच्या लवचिकपणात आहे. दाबलेला धातू पूर्णपणे मेलेला नसतो. पकड सुटताच तार आणि पिन दोन्ही आपापल्या जुन्या आकाराकडे किंचित परतू पाहतात, आणि पाकळ्या तंतूंहून कमी परतल्या तर त्या तंतूंना आत कोंडून धरतात. या कोंडलेल्या परतण्याच्या ओढीला अवशिष्ट ताण म्हणतात, आणि सांधा जिवंत राहतो तो त्या ताणावर. हात गेल्यानंतरचा हाताचा दाब असेच त्याचे वर्णन करता येईल. वैशेषिकांच्या चोवीस गुणांच्या यादीत संस्कार नावाचा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढे नेणारा. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी किंवा गुंडाळलेली चटई जिच्यामुळे मूळ स्थितीला येऊ पाहते तो, आजच्या भाषेत लवचिकता. आणि भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यात उमटणारा तो ठसा, ज्यातून पुढे स्मृती उपजते. स्थितिस्थापक कोणत्या द्रव्यांत असतो याविषयीही मतभेद आहे. अन्नंभट्ट तो पृथ्वीत मानतो, तर विश्वनाथ पंचाननाच्या 'भाषापरिच्छेदा'त पृथ्वी, आप, तेज, वायू या चारही द्रव्यांत तो मानणाऱ्यांच्या मताची नोंद आहे. आणि नैयायिक सोन्यासारखे खाणीतले धातू तेजात जमा करतात, तेव्हा तांब्याच्या तारेला लवचिकपणा मिळवून द्यायचा तर या दुसऱ्या मताचाच आधार घ्यावा लागेल. लक्षणीय गोष्ट ही की चटईचे उलगडणे आणि माणसाचे आठवणे या दोन गोष्टी या शास्त्रकारांना एकाच जातीच्या वाटल्या. हे वर्गीकरण वरवर विसंगत वाटते. पण कारण निघून गेल्यावर त्याचे काम चालू ठेवणारे जे काही असेल ते संस्कार, असा धागा धरला तर विसंगती फारशी उरत नाही.

फलटणचा महानुभाव पंथ या ठिकाणी प्रस्तुत होतो. या पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परभिन्न आहेत. मुक्त झालेला जीवही परमेश्वर होत नाही, तो त्याच्या आनंदाचा भागी होतो. जीवाचा उद्धार व्हायचा तर परमेश्वराने अवतार घेऊन जीवाला संनिधान, म्हणजे प्रत्यक्ष सहवास, द्यावा लागतो. पंथाने मानलेल्या पाच अवतारांपैकी चक्रपाणी, ज्यांना चांगदेव राऊळ असेही म्हणतात, त्यांचा जन्म फलटणचा. पंथाच्या परंपरेनुसार ते पुढे द्वारावतीला, म्हणजे द्वारकेला गेले, तेथे हातात खराटा आणि सूप घेऊन रस्ते झाडीत आणि केर गोमतीत टाकीत. आणि ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना, म्हणजे गुंडम राऊळांना, त्यांच्याकडून शक्ती मिळाली ती डोक्यावर सूप ठेवून त्यावर खराट्याचा फटका मारल्याने. ज्ञान एका देहातून दुसऱ्याकडे जाण्याच्या कितीतरी कथा धर्मग्रंथांत आहेत, पण झाडूवाल्याच्या हत्यारातून ते गेल्याची कथा विरळा. जिथे जिथे अवतारांचा पाय लागला, हात लागला, जिथे ते बसले किंवा निजले, त्या जागा पंथाने ओट्यांनी खुणावून ठेवल्या, 'स्थानपोथी'सारख्या ग्रंथात त्यांची टिपणे केली, आणि अवतारांच्या स्पर्शाशी संबंधित असलेले पाषाण वंदनासाठी जपले. त्यांना वंदन केले जाते ते स्पर्शाच्या संबंधामुळे. तो दगड म्हणजे देव, असे पंथ मानत नाही.

ज्याला संनिधान लाभले त्याचे एक झाले. पण पाच अवतारांपैकी एक आणि पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्या भोवतीचे शिष्य ज्या स्थितीत उरले तिला पंथाने असंनिधान असे नाव दिले, आणि त्या स्थितीचा आचार स्मरण हा ठरवला. लीळा आठवायच्या, चेष्टा आठवायच्या, नाम घ्यायचे, स्थाने फिरायची. तत्त्वज्ञानाच्या भाषेत याला भावनाख्य संस्कार म्हणतात, अनुभव देणारा निघून गेल्यावर उरलेला ठसा. आणि पिनेतल्या स्थितिस्थापकाशी त्याचे नाते यादीतल्या शेजाराहून जवळचे आहे. दोन्ही ठिकाणी दोन वस्तू एक झालेल्या नाहीत, दाबणारा दूर गेला आहे, आणि संबंध टिकला आहे तो परतू पाहण्याच्या कोंडलेल्या ओढीवर. पंथाची विरहाची कल्पना, जी बाहेरच्याला निव्वळ शोकासारखी वाटते, ती या दृष्टीने संबंध चालू ठेवणारी शक्ती ठरते. ओढ गेली तर सांधा तुटून पडत नाही, तो केवळ ढिला होतो, आणि ढिला सांधा बाहेरून पक्क्यासारखाच दिसतो.

तुलनेला मर्यादा आहेत आणि त्या पंथाच्याच पद्धतीने सांगता येतात. केसोबासांनी संकलित केलेल्या पंथाच्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकाला सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक असे तीन भाग आहेत. दार्ष्टान्तिक म्हणजे दृष्टान्तातले काय घ्यायचे ते सांगणारा भाग, आणि तो नसता तर ऐकणाऱ्याने दृष्टान्तातले सगळेच उचलले असते. क्रिम्पिंगच्या दृष्टान्तातून सर्वप्रथम टाकून द्यायचे ते म्हणजे वीज म्हणजे कृपा हे समीकरण, कारण वीज दोन्ही दिशांनी सारखीच वाहू शकते आणि कृपा, निदान महानुभाव मतात, एकाच दिशेने. दुसरी अडचण अधिक खोल आहे. दाबाखाली ज्या शिखरांवर ताजा धातू ताज्या धातूला भिडला, त्यांतल्या काही बिंदूंवर अणूंची रचना इतकी जवळ येते की तेथे थंड अवस्थेतच वेल्डिंग झालेले असते आणि त्या बिंदूपुरती तार कुठे संपली आणि पिन कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. जीव आणि परमेश्वर वेगळे मानणाऱ्या भेदवाद्याला हे गैरसोयीचे आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वरांची पालखी तरडगावनंतर फलटणला मुक्कामाला येते, आणि ज्या परंपरेच्या 'अमृतानुभवा'त शिवशक्तीचे द्वैत अद्वैताच्याच पोटात खेळते, तिच्या अभ्यासकाला हे बिंदू अर्थातच हवेहवेसे वाटतील. दोन्ही पक्षांना आपापला पुरावा एकाच पिनेत सापडावा, हे संयोग अव्याप्यवृत्ती आहे या म्हणण्याशी जुळते. पण पिनेने वादाचा निकाल दिला असे कोणी म्हणू नये.

तिसरी मर्यादा काळाची. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी धातूतला अवशिष्ट ताण हळूहळू सैल होतो, आणि ॲल्युमिनियमच्या तारेत तो तांब्याहून लवकर सैल होतो म्हणूनच तिचे सांधे अधिक जोखमीचे मानतात. स्मरणही सैल होते, पण त्याची सैल होण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि ती तपासायला महानुभावांइतका चांगला नमुना मराठीत दुसरा नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, ताडून गोळा केल्या, आणि त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत गेली असे पंथ सांगतो, आणि मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहावी लागली. आठवणी जुळल्या नाहीत. एका लीळेत एकाला गाव वेगळे आठवले, दुसऱ्याला बोलण्यातला शब्द वेगळा आठवला. अशा वेळी सगळ्या आठवणी वितळवून एक गुळगुळीत पाठ करणे सोपे होते, आणि इतर अनेक परंपरांनी तसेच केले आहे. महानुभावांनी मतभेद मजकुरात तसेच राहू दिले, कोणाला काय आठवले याची नोंद ठेवली, आणि एकेका स्मरणपरंपरेला त्या त्या माणसाचे नाव दिले: हिराइसाची, परशरामबासाची, रामेश्वरबासाची. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती वाचताना हे वेगवेगळे तंतू एकमेकांना खेटून बसलेले दिसतात, मधल्या रेषांसकट. अशा एकेका परंपरेला पंथाने जो शब्द वापरला तो 'वासना' हा आहे, आणि दर्शनशास्त्रात वासना हे संस्काराचेच दुसरे नाव आहे.